रिफंड कुठवर आला?

ऑगस्ट उजाडला की आमच्या सोसायटीच्या बाकावर पाऊस, गणपतीची वर्गणी आणि गुडघेदुखी यांच्या जोडीला आणखी एक विषय येऊन बसतो. "तुमचा रिफंड आला का हो?" एकाच दिवशी रिटर्न भरलेल्या दोघांपैकी एकाचे पैसे पंधरवड्यात जमा होतात आणि दुसरा दिवाळीचा फराळ संपला तरी वाट पाहत असतो. मग तर्क सुरू होतात. कुणी म्हणते, रक्कम मोठी असली की मुद्दाम अडवतात. कुणी म्हणते, ओळख लागते. कुणी सगळा दोष सीएच्या माथी मारून मोकळे होते.

माझा अनुभव वेगळा आहे. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या अडकलेल्या रिफंडचा माग काढताना बहुतेक वेळा असे दिसले, की पैसे एका नेमक्या ठिकाणी, एका नेमक्या कारणाने थांबलेले असतात. ते ठिकाण घरबसल्या पाहता येते आणि अनेकदा ते कारण दूर करणेही आपल्याच हातात असते. फक्त पोर्टलवरचे शब्द वाचता आले पाहिजेत.

पैसे मुळात कुणाचे?

समजा, एका निवृत्त शिक्षिकेला मुदत ठेवींवर वर्षाला 1,60,000 रुपये व्याज मिळते. ज्येष्ठ नागरिकांसाठी असलेली एक लाखाची मर्यादा ओलांडली गेल्यामुळे बँकेने 10 टक्क्यांनी 16,000 रुपये टीडीएस कापून सरकारजमा केला. पेन्शन आणि व्याज मिळून बाईंचे उत्पन्न नव्या करप्रणालीतील सवलतीच्या मर्यादेत आहे, म्हणजे त्यांना एक रुपयाही कर लागू होत नाही. वर्षाच्या सुरुवातीला त्यांनी बँकेत 15एच फॉर्म दिला असता तर ही कपात झालीच नसती. तो राहून गेला. आता ते 16,000 रुपये परत मिळवण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे रिटर्न भरणे.

नोकरदाराने गुंतवणुकीचे पुरावे कंपनीला उशिरा दिले, डॉक्टर किंवा वकिलाच्या फीमधून 10 टक्के कापले गेले, कुणी अंदाजाने जास्त आगाऊ कर भरला, तरी हेच घडते. सरकारकडे आपला जास्तीचा पैसा जातो आणि रिटर्न भरून आपण तो परत मागतो. रिफंड हे बक्षीस नाही आणि उपकारही नाही. हे मनात पक्के असले की चौकशी करताना आवाज आपोआप सरळ होतो.

पहिले ठाणे: नोंद आणि पडताळणी

रिफंडचा प्रवास आपण रिटर्न भरतो त्याच्या आधीच सुरू होतो. बँकेने किंवा कंपनीने कर कापला एवढे पुरत नाही. त्यांनी टीडीएसचे तिमाही विवरणपत्र भरून तो आपल्या पॅनवर नोंदवावा लागतो. जानेवारी ते मार्च या तिमाहीचे विवरणपत्र भरण्याची मुदत 31 मेपर्यंत असते. म्हणून वर्षाचे चित्र 'फॉर्म 26 एएस' आणि वार्षिक माहिती विवरण म्हणजे एआयएस यांत पूर्ण उमटायला जून उजाडतो. एप्रिल-मेमध्ये घाईने रिटर्न भरणाऱ्याने फॉर्म 16मधला आकडा लिहिला आणि तो 26 एएसमध्ये अजून आलेलाच नसला, तर संगणकाला तेवढा कर भरल्याचा पुरावा सापडत नाही. रिफंड कमी होतो, क्वचित उलट मागणीच निघते. रिटर्न भरण्यापूर्वी 26 एएस उघडून आकडे ताडून पाहणे ही पाच मिनिटांची तसदी पुढचे पाच महिने वाचवते.

रिटर्न भरल्यावर त्याची ई-पडताळणी करायची असते. आधारशी जोडलेल्या मोबाइलवरच्या ओटीपीने ती मिनिटभरात होते. नेट बँकिंगने होते. नाहीतर सही केलेली पोचपावती स्पीड पोस्टाने बंगळूरला पाठवता येते. पूर्वी यासाठी 120 दिवस मिळत. 1 ऑगस्ट 2022 पासून ही मुदत 30 दिवसांवर आली आहे. पडताळणी न झालेले रिटर्न कायद्याच्या लेखी भरलेलेच नसते. तीस दिवस उलटल्यावर पडताळणी केली, तर पडताळणीचा दिवस हाच रिटर्न भरल्याचा दिवस धरला जातो, आणि मूळ मुदत तोवर संपलेली असेल तर विलंबशुल्कही मानगुटीवर बसते. "मी तर जुलैतच भरले," असे सांगणाऱ्या अनेकांचे रिटर्न याच पहिल्या ठाण्यावर उभे असते.

दुसरे ठाणे: बंगळूर

पडताळणी झालेले रिटर्न बंगळूरच्या केंद्रीय प्रक्रिया केंद्राकडे, म्हणजे सीपीसीकडे जाते. तुम्ही कोल्हापूरला राहा की गोंदियाला, पहिली तपासणी तिथेच होते. संगणक तुमचे आकडे 26 एएसशी, एआयएसशी आणि कायद्यातल्या मर्यादांशी जुळवतो, बेरीज-वजाबाकी पुन्हा करतो आणि निष्कर्ष कळवतो. या पत्राला 1961च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम 143(1)खालील सूचना म्हणतात. ती ईमेलने येते. फाइल उघडण्याचा पासवर्ड म्हणजे लहान लिपीतील पॅन आणि त्याला जोडून जन्मतारखेचे आठ आकडे.

या पत्रात दोन रकाने शेजारी शेजारी असतात: तुम्ही दिलेले आकडे आणि केंद्राने काढलेले आकडे. बहुतेक लोक शेवटचा आकडा पाहून फाइल बंद करतात. तसे करू नये. रिफंड कमी आला असेल तर दोन रकाने वेगळे कुठे पडतात ती ओळ शोधावी. कधी टीडीएस पूर्ण धरलेला नसतो, कधी एखादी वजावट नाकारलेली असते, कधी एआयएसमधले बचत खात्याचे व्याज आपण दाखवायलाच विसरलेलो असतो. चूक केंद्राची असेल तर पोर्टलवरूनच कलम 154खाली दुरुस्तीचा अर्ज करता येतो. चूक आपली असेल तर मुदतीत सुधारित रिटर्न भरावे.

किती दिवस लागतात?

2024च्या अंतरिम अर्थसंकल्पात अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी संसदेत सांगितले, की रिटर्नवर प्रक्रिया व्हायला 2013-14मध्ये सरासरी 93 दिवस लागत, ते आता 10 दिवसांवर आले आहेत. ही झेप खरी आहे आणि तिचे कौतुक व्हायलाच हवे. पण सरासरी म्हणजे वचन नव्हे. निव्वळ पगार आणि बँकेचे व्याज असलेले साधे रिटर्न काही दिवसांत हातावेगळे होते. शेअरची खरेदी-विक्री, व्यवसायाचा हिशेब, परदेशातील उत्पन्न असलेले रिटर्न जास्त वेळ घेते. ई-पडताळणीनंतर चार-पाच आठवड्यांत रिफंड जमा होणे हे सर्वसाधारण वेळापत्रक समजावे.

कायद्याने दिलेली कमाल मुदत मात्र बरीच लांब आहे. ज्या आर्थिक वर्षात रिटर्न भरले, ते वर्ष संपल्यापासून नऊ महिने. म्हणजे सप्टेंबर 2025मध्ये भरलेल्या रिटर्नवर 31 डिसेंबर 2026पर्यंत प्रक्रिया करण्याची मुभा केंद्राला आहे. ही तारीख माहीत असली की "कायदा मोडला" असा चुकीचा आरोप आपल्याकडून होत नाही.

काही रिटर्न मुद्दाम बाजूला काढून तपासली जातात, हेही खरे आहे. फॉर्म 16मध्ये नसलेली मोठी वजावट, न दिलेल्या भाड्याच्या पावत्या, एखाद्या अनोळखी राजकीय पक्षाला दिलेली भलीमोठी देणगी असे दावे संगणकाच्या नजरेत भरतात. "दोन टक्के द्या, मोठा रिफंड काढून देतो," असे सांगणारे एजंट अशाच खोट्या वजावटी दाखवतात. रिफंड येतो, एजंट आपला वाटा घेऊन निघून जातो. नोटीस मात्र करदात्याच्या पत्त्यावर येते आणि कर, व्याज, दंड त्यालाच भरावा लागतो.

पोर्टलवरचे शब्द आणि त्यांचा अर्थ

स्थिती पाहण्याची वाट सोपी आहे. प्राप्तिकर विभागाच्या ई-फायलिंग पोर्टलवर पॅन आणि पासवर्डने आत जावे, 'ई-फाइल' या शीर्षकाखाली 'इन्कम टॅक्स रिटर्न्स' आणि त्यात 'व्ह्यू फाइल्ड रिटर्न्स' निवडावे. ज्या वर्षाचे रिटर्न असेल, त्यासमोर सगळा प्रवास तारखांसह दिसतो. इथे गोंधळ होतो तो वर्षाचा. 2024-25 या आर्थिक वर्षातील उत्पन्नाचे आकारणी वर्ष 2025-26 असते आणि यादीत आकारणी वर्ष लिहिलेले असते.

'पेंडिंग फॉर ई-व्हेरिफिकेशन' दिसले तर काम आपलेच बाकी आहे. 'सक्सेसफुली ई-व्हेरिफाइड' म्हणजे रिटर्न रांगेत लागले. 'अंडर प्रोसेसिंग' म्हणजे तपासणी सुरू आहे, इथे थांबण्याशिवाय करण्यासारखे काही नाही. 'डिफेक्टिव्ह' असे दिसले तर मात्र थांबू नये. रिटर्नमध्ये काही उणीव राहिली आहे आणि ती सुधारायला सूचना मिळाल्यापासून साधारण 15 दिवस मिळतात. दुर्लक्ष केले तर रिटर्न अवैध ठरू शकते. 'प्रोसेस्ड विथ रिफंड ड्यू' म्हणजे रक्कम मंजूर झाली. नुसते 'प्रोसेस्ड' असेल आणि रिफंडचा उल्लेख नसेल तर सूचना उघडून वाचावी. 'रिफंड इश्यूड' म्हणजे पैसे निघाले. 'रिफंड फेल्ड' म्हणजे पैसे निघाले, पण खात्याच्या दारातून परत गेले. आणि शंभर रुपयांहून कमी रिफंड दिलाच जात नाही, हेही लक्षात ठेवावे.

तिसरे ठाणे: बँक खाते

मंजूर झालेली रक्कम भारतीय स्टेट बँकेमार्फत आपल्या खात्यात येते. पूर्वी धनादेश टपालाने यायचे, पत्ता बदलला की हरवायचे. 1 मार्च 2019 पासून रिफंड फक्त पॅनशी जोडलेल्या बँक खात्यातच जमा होतो. त्यासाठी खाते पोर्टलवर आधी प्रमाणित करून रिफंडसाठी निवडावे लागते. मंजूर रिफंड अडकण्याचे सर्वांत मोठे कारण या ठाण्यावर सापडते.

आपल्याकडे यात नावाचा घोळ फार. मराठी माणसाचे नाव तीन पदरी, त्यात पॅनवर आडनाव आधी, बँकेत आडनाव शेवटी. पॅनवर वडिलांचे नाव, पासबुकावर नुसते आद्याक्षर. लग्नानंतर बँकेत नवे नाव लागले, पॅन माहेरच्याच नावाचे राहिले. यंत्राला 'दोन्ही मीच' हे पटत नाही आणि खाते प्रमाणित होत नाही. ज्या घरांत बायकांच्या नावाने ठेवी आहेत, तिथे हा अडथळा हमखास भेटतो. बँकेतील नाव आणि पॅनवरील नाव एकसारखे करून घेणे हाच त्यावरचा कायमचा उपाय.

दुसरा घोळ विलीनीकरणाचा. देना बँक 2019मध्ये बँक ऑफ बडोदात गेली, 2020मध्ये सिंडिकेट बँक कॅनरात, कॉर्पोरेशन बँक युनियन बँकेत मिसळली. शाखा तीच, पासबुक तेच, पण आयएफएससी क्रमांक बदलला. पोर्टलवर जुनाच क्रमांक राहिला असेल तर खाते पुन्हा प्रमाणित करावे. गावच्या पतसंस्थेतले खाते, पीपीएफ किंवा कर्जखाते यांत रिफंड येत नाही. चालू असलेले बचत किंवा चालू खाते द्यावे लागते.

पॅन आधारशी जोडलेले नसेल तर गाडी इथपर्यंत येतच नाही. 1 जुलै 2023 पासून असे पॅन निष्क्रिय ठरू लागले. निष्क्रिय पॅनवर रिफंड दिला जात नाही आणि त्या काळाचे व्याजही मिळत नाही.

रिफंड परत गेला असेल तर घाबरण्याचे कारण नाही. खाते दुरुस्त करून पोर्टलवर 'रिफंड री-इश्यू'ची विनंती करावी. ती केल्याशिवाय पैसे पुन्हा निघत नाहीत, हे अनेकांना माहीत नसते आणि त्यांचा हक्काचा पैसा वर्षानुवर्षे पडून राहतो.

जुनी येणी आणि 21 दिवस

कधी रिफंड मंजूर होतो, पण कमी येतो किंवा येतच नाही, कारण विभागाने तो जुन्या थकबाकीत वळता केलेला असतो. कलम 245 तशी मुभा देते, मात्र आधी करदात्याला कळवण्याची अट घालून. पोर्टलवर उत्तर द्यायला 21 दिवस मिळतात. गप्प राहिलो तर ती थकबाकी मान्य आहे असे धरले जाते.

या जुन्या मागण्यांपैकी काही खऱ्या असतात, पण कित्येक टीडीएसची नोंद न लागल्याने किंवा चलनावरच्या चुकीमुळे उभ्या राहिलेल्या असतात. दिल्ली उच्च न्यायालयाने एका सीएच्या पत्राची दखल घेत 2013मध्ये यावर सविस्तर निर्णय दिला. आधी कळवल्याशिवाय आणि उत्तर विचारात घेतल्याशिवाय रिफंड वळता करू नये, आणि कर कापणाऱ्याच्या चुकीची शिक्षा करदात्याला होऊ नये, असे न्यायालयाने बजावले. पुढे 2024च्या अंतरिम अर्थसंकल्पात सरकारनेच मान्य केले, की अशा किरकोळ जुन्या मागण्यांमुळे प्रामाणिक करदात्यांचे रिफंड अडतात. मग 2009-10पर्यंतच्या 25,000 रुपयांपर्यंतच्या आणि 2010-11 ते 2014-15 या काळातील 10,000 रुपयांपर्यंतच्या मागण्या मागे घेण्याचा निर्णय झाला. तरीही 'आउटस्टँडिंग डिमांड'चे पान एकदा उघडून पाहावे आणि मागणी चुकीची असेल तर पुराव्यासह तसे नोंदवावे.

उशिराचे व्याज

सरकारने आपला पैसा जितका काळ वापरला, त्याचे व्याज कलम 244एखाली मिळते: दरमहा अर्धा टक्का, सरळ व्याजाने. रिटर्न मुदतीत भरले असेल तर टीडीएस आणि आगाऊ करावरचे व्याज आकारणी वर्षाच्या 1 एप्रिलपासून मोजतात, उशिरा भरले तर भरल्याच्या दिवसापासून. महिन्याचा काही भागही पूर्ण महिना धरला जातो. आपल्या शिक्षिकाबाईंचे 16,000 रुपये ऑगस्टमध्ये मंजूर झाले तर पाच महिन्यांचे अडीच टक्के, म्हणजे 400 रुपये जादा मिळतील. रिफंड एकूण कराच्या 10 टक्क्यांहून कमी असेल, तर व्याज मिळत नाही. दीड लाख कर असणाऱ्याला 12,000 रुपये परत मिळाले तर त्यावर व्याज नाही. आपल्या चुकीमुळे झालेला विलंबही वजा होतो. आणि रिफंडची मूळ रक्कम उत्पन्न नसली तरी त्यावरचे व्याज उत्पन्न आहे. पुढच्या रिटर्नमध्ये ते दाखवायचे असते.

या व्याजामागचे तत्त्व पुण्याच्या एका खटल्यात ठळकपणे पुढे आले. सँडविक एशिया या कंपनीचे येणे 12 ते 17 वर्षे रखडले होते. 2006मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या दिरंगाईबद्दल कंपनीला भरपाई देण्याचा आदेश दिला. व्याजावर व्याज असा सरसकट हक्क त्यातून निघत नाही, हे त्याच न्यायालयाने 2013मध्ये स्पष्ट केले. पण लोकांचा पैसा अडवून ठेवण्याला किंमत असते, हे सूत्र कायम राहिले.

इथे कायद्यातील बदलाचीही नोंद घ्यायला हवी: 1 एप्रिल 2026 पासून प्राप्तिकर कायदा 2025 लागू. आर्थिक वर्ष आणि आकारणी वर्ष यांच्याऐवजी 'कर वर्ष' हा एकच शब्द येतो, कलमांचे क्रमांक बदलतात. 2025-26पर्यंतच्या उत्पन्नाला जुनाच कायदा लागू आहे. या नव्या कायद्याच्या मूळ विधेयकात रिटर्न मुदतीनंतर भरणाऱ्याला रिफंड मिळू नये अशी तरतूद होती. संसदेच्या प्रवर समितीने ती काढायला सांगितले आणि ऑगस्ट 2025मध्ये संमत झालेल्या मजकुरात ती उरली नाही. आजारपणामुळे किंवा माहितीच्या अभावी उशीर झालेल्या साध्या माणसाच्या बाजूने झालेला हा मोठा निर्णय आहे.

कुठे दाद मागायची, कुणापासून सावध राहायचे

प्रक्रिया पूर्ण होऊन महिना उलटला आणि पैसे आले नाहीत, तर पोर्टलवरच 'ग्रीव्हन्सेस'खाली सीपीसीकडे तक्रार नोंदवावी. रिटर्नचा पोचपावती क्रमांक आणि 143(1)च्या सूचनेची तारीख द्यावी. मजकूर चार ओळींचा आणि मुद्द्याचा असावा. 1800 103 0025 हा विभागाचा निःशुल्क क्रमांक आहे. तिथून समाधान झाले नाही तर केंद्र सरकारच्या सीपीग्राम्स या तक्रार संकेतस्थळावर दाद मागता येते.

रिफंडच्या वाटेवर चोरही टपलेले असतात. रिफंड मंजूर झाला आहे, खाते तपासण्यासाठी लिंक उघडा, असे संदेश नेमके याच दिवसांत येतात. प्राप्तिकर विभाग फोन, संदेश किंवा ईमेलवरून पिन, ओटीपी, कार्डाचा क्रमांक कधीही विचारत नाही. रिफंड मिळवण्यासाठी आधी पैसे भरावे लागत नाहीत. आलेल्या लिंकला हात न लावता स्वतः पोर्टल उघडावे. खरी बातमी असेल तर ती तिथे दिसतेच.

घरातल्या ज्येष्ठांसाठी एक विनंती. त्यांच्या ठेवींवर कापला गेलेला कर त्यांना अनेकदा माहीतही नसतो. या रविवारी त्यांच्याजवळ बसा, त्यांचा 26 एएस उघडा, पॅनवरचे आणि पासबुकावरचे नाव ताडून पाहा, पोर्टलवर खाते प्रमाणित आहे का ते बघा. एखादा जुना रिफंड परत गेलेला दिसला तर त्याच बैठकीत पुन्हा मागणी करा. तो पैसा त्यांनी आयुष्यभर काटकसर करून साठवलेल्या पैशावरचा आहे. तो त्यांच्या हाती पोहोचायला हवा.